डेल्सफर्डचे वतन

इंग्लंडच्या नकाशात डेल्सफर्ड हे गाव शोधावयाचे झाल्यास मोठ्या प्रमाणावर काढलेला नकाशाच हाती घ्यावा लागतो. ऑक्सफर्ड शहर सोडून वायव्येकडे निघाले म्हणजे एव्हनलोड नावाच्या एका लहानशा नदीचे खोरे लागते. ही नदी पुढे थेम्सला जाऊन मिळते. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना कॉट्सवोल्डची ठेंगणी टेकाडे आहेत, आणि तेथील मधाच्या रंगाच्या दगडाने बांधलेली लहान लहान गावे आहेत. त्यांपैकीच डेल्सफर्ड हे एक. एक देऊळ, एक वाडा, काही शेतवाड्या आणि मजुरांची मोजकी घरे, एवढाच त्याचा पसारा. अशा गावाची हकीकत आपण मराठी माणसांनी ऐकावी ती कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील तर तो गैर म्हणता येणार नाही.

त्याचे उत्तर एका नावात आहे. ते नाव वॉरन हेस्टिंग्ज. शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला हा मनुष्य ठाऊक आहे. नंदकुमाराची फाशी, रोहिल्यांवरील स्वारी, काशीचा राजा चेतसिंग, अयोध्येच्या बेगमा, आणि आपल्या मराठ्यांच्या बाबतीत पुरंदरचा व सालबाईचा तह, ही सगळी प्रकरणे त्याच्या नावाशी निगडित आहेत. परंतु ज्या गावाकरिता त्याने एवढा उद्योग केला असे तो स्वतः म्हणत असे, त्या गावाचे नाव मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. राज्यकर्त्यांचा इतिहास आपण राजधानीतून पाहतो. तो एकदा त्यांच्या गावाकडून पाहिला तर निराळाच दिसतो. म्हणून आज डेल्सफर्डच्या वेशीत थोडा वेळ उभे राहावयाचे आहे.

प्रथम इंग्लंडातील 'पॅरिश' म्हणजे काय ते थोडे समजून घेतले पाहिजे. पॅरिश हा मुळात एका देवळाच्या हद्दीतला मुलूख. परंतु पुढे तो नुसता धर्माचा विभाग न राहता गावकीचा विभाग झाला. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशच्या उपाध्यायाने जन्माचे संस्कार, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम झाला. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांचा सांभाळ पॅरिशच्या अंगावर आला आणि त्यासाठी जमिनी-घरांवर पट्टी बसविण्याचा अधिकार गावच्या पंचांना मिळाला. एवंच जन्मापासून मरणापर्यंत मनुष्याचा हिशेब ज्या एका ठिकाणी लागे, ते ठिकाण पॅरिश.

ह्या गावगाड्याचे दोन धनी असत. एक जमिनीचा मालक, ज्याला मॅनरचा लॉर्ड म्हणत. आणि दुसरा देवळाचा उपाध्याय, ज्याला रेक्टर म्हणत. रेक्टरचे पोट चाले ते दशमांशावर. गावात जे पिकेल, जे वासरू किंवा कोकरू जन्मेल, त्याचा दहावा हिस्सा त्याचा. आता धान्य खळ्यावर मोजावयाचे, की पेंढ्या शेतात मोजावयाच्या, की सगळ्याचे मिळून रोख पैसे ठरवावयाचे, ह्यावरून मालक आणि उपाध्याय यांच्यात तंटे होत, आणि ते कोर्टात वर्षानुवर्षे चालत. आपल्याकडील हक्कलवाजिमा, मानपान, इनामे यांवरून झालेल्या वादांचे कागद ज्यांनी वाचले आहेत, त्यांना ह्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. मौज अशी की रेक्टर नेमण्याचा हक्कसुद्धा बहुधा जमिनीच्या मालकाकडेच असे आणि तो हक्क विकता येई. त्यामुळे थोरला मुलगा जहागीर सांभाळी आणि धाकटा गावचा उपाध्याय होई, अशी व्यवस्था कित्येक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालली.

डेल्सफर्डचे धनी हेस्टिंग्ज घराण्यातले होते. गाव फार जुने. १०८६ साली विल्यम राजाने इंग्लंडातील जमिनींची जी पाहणी करविली, तिच्या बुकात ह्या गावाची नोंद वूस्टरच्या बिशपच्या जमिनींत सापडते. बिशपच्या ह्या संबंधामुळेच गावाची एक गंमत झाली. भोवताली सगळा मुलूख ग्लॉस्टरशायर आणि ऑक्सफर्डशायर या परगण्यांचा, परंतु डेल्सफर्ड मात्र वूस्टरशायरचे. एका परगण्याचा तुकडा दुसऱ्या परगण्यांच्या पोटात अडकून राहावा, तसे ते शेकडो वर्षे राहिले. शेवटी १९३१ साली ते ग्लॉस्टरशायरात घालण्यात आले. आपल्याकडे जुन्या संस्थानांची गावे खालशाच्या मुलुखात अशीच विखुरलेली असत.

हेस्टिंग्ज घराण्याचा ह्या गावाशी संबंध मध्ययुगापासूनचा. त्यांची पीछेहाट झाली ती सतराव्या शतकातील यादवीमुळे. १६४२ साली राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध जुंपले. त्या वेळचा डेल्सफर्डचा धनी जॉन हेस्टिंग्ज हा राजाच्या बाजूचा. राजाच्या पायी त्याने आपली मालमत्ता खर्च केली. आणि राजपक्षाचा मोड झाल्यावर उरलेल्या जमिनी सोडवून घेण्यासाठी त्यांतील मोठा भाग त्याला पार्लमेंटचा सभापती लेंथॉल याच्या पदरात टाकावा लागला. डेल्सफर्ड तेवढे राहिले, पण ते राखण्याचे त्राण घराण्यात राहिले नाही. १७१५ साली ते जेकब नाइट नावाच्या व्यापाऱ्याला विकण्यात आले.

जमीन गेली, पण देवळाची वृत्ती घरात राहिली. कारण गाव विकण्यापूर्वीच घरातील एक मुलगा, पेनिस्टन हेस्टिंग्ज, तेथील रेक्टर नेमला गेला होता. त्याची स्थिती मोठी चमत्कारिक झाली. ज्या गावात बापजाद्यांनी धनीपण केले, तेथेच नव्या धन्याकडे दशमांश मागावयाचा. नवा मालक व्यापारी, हिशेबाला पक्का. दोघांचे दशमांशावरून दावे जुंपले, आणि कोर्टखर्चात उपाध्यायाचे उरलेसुरले द्रव्यही गेले. ह्या उपाध्यायाचा नातू म्हणजेच वॉरन हेस्टिंग्ज.

वॉरनचा जन्म ६ डिसेंबर १७३२ रोजी शेजारच्या चर्चिल गावी झाला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. बाप लवकरच मुलाला सोडून गेला आणि पुढे वेस्ट इंडीजमध्ये मेला. मुलाला आजोबांनी वाढविले. गावच्या शाळेत शेतमजुरांच्या मुलांबरोबर एका बाकावर बसून तो अक्षरे शिकला. आपले पूर्वज कोण होते आणि समोर दिसणाऱ्या जमिनी कोणाच्या होत्या, हे त्याच्या कानांवर नित्य पडत असले पाहिजे. सात वर्षांचा असताना एका उन्हाळ्याच्या दिवशी, त्या जमिनीतून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठी पडल्या पडल्या त्याने मनाशी ठरविले की, डेल्सफर्ड परत मिळवीन. ही आठवण म्हातारपणी तो स्वतःच सांगत असे. सत्तर वर्षांनंतर सांगितलेली आठवण कितपत जशीच्या तशी असते ह्याचा प्रत्येकाने आपल्या अनुभवावरून विचार करावा. परंतु आपल्या आयुष्याचा अर्थ त्याने ह्या गोष्टीत पाहिला, एवढे मात्र तिच्यावरून निश्चित ठरते.

पुढे चुलत्याने त्याला लंडनला नेऊन वेस्टमिन्स्टरच्या प्रसिद्ध शाळेत घातले. तेथे तो परीक्षेत पहिला आला. पण चुलता वारला, आणि ज्याच्याकडे पालकत्व गेले त्याने मुलाला शिक्षणातून काढून ईस्ट इंडिया कंपनीत कारकून म्हणून लावून दिले. १७५० साली, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतच, तो कलकत्त्यास उतरला.

त्याची हिंदुस्थानातील पस्तीस वर्षांची कारकीर्द येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. फक्त डेल्सफर्डच्या हकीकतीला लागून असलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट बंगालच्या वसुलाची. १७७० साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. १७७२ साली हेस्टिंग्ज तेथे गव्हर्नर झाला, तेव्हा त्याने प्रांताची हालत कंपनीच्या संचालकांना लिहून कळविली. प्रांतातील निदान एक-तृतीयांश लोक मेले असावेत, असा त्याचा अंदाज होता. आणि असे असूनही १७७१ सालचा वसूल दुष्काळापूर्वीच्या १७६८ सालच्या वसुलाहून अधिक भरला, तो जबरदस्तीने भरविला गेला, हेही त्याने त्याच पत्रात सांगितले. दुष्काळ त्याच्या कारकीर्दीतला नव्हे, हे खरे. पण जो वसूल त्याने हाती घेतला तो हा होता. ज्याचा आजा एका लहानशा गावच्या दहाव्या हिश्श्यासाठी भांडून बुडाला, तो नातू आता कोट्यवधी शेतकऱ्यांच्या पिकाचा हिस्सा ठरवू लागला.

दुसरी गोष्ट आपली. १७७५ साली मुंबईच्या इंग्रजांनी राघोबादादांची बाजू घेऊन पुण्याच्या कारभाऱ्यांशी युद्ध आरंभिले. कलकत्त्याच्या सरकारने ते प्रथम नापसंत केले आणि कर्नल अप्टनला पाठवून १७७६ साली पुरंदरचा तह करविला. पण तह टिकला नाही. १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे इंग्रजी फौज कोंडली गेली आणि तिला मानहानीच्या अटी मान्य कराव्या लागल्या. हेस्टिंग्जने त्या अटी झिडकारल्या. बंगालमधून निघालेली गॉडर्डची फौज सगळा मध्यदेश तुडवीत सुरतेस आली. दुसऱ्या बाजूने १७८० साली ग्वाल्हेरचा किल्ला घेण्यात आला. इतके करूनही मराठ्यांचा मोड झाला नाही, आणि दक्षिणेत हैदरअली उठला. शेवटी १७ मे १७८२ रोजी महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह ठरला. नाना फडणिसांनी तो लगेच पक्का केला नाही. १७८३ च्या आरंभापर्यंत तो रखडला. साष्टी बेट इंग्रजांकडे राहिले, राघोबांचा पक्ष त्यांनी सोडला, आणि पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला मुलूख परत करावा लागला.

ही सात वर्षांची लढाई फुकट झाली नाही. मराठ्यांशी युद्ध, हैदराशी युद्ध आणि १७७८ पासून फ्रेंचांशी युद्ध अशा तिहेरी खर्चाने कलकत्त्याचा खजिना रिता झाला. तो भरण्यासाठी काशीच्या चेतसिंगाकडे ठरल्या खंडणीखेरीज सालीना पाच लाख रुपये मागण्यात आले. आणि ते देण्यात कुचराई केली म्हणून १७८१ साली हेस्टिंग्ज स्वतः काशीस जाऊन त्याला कैद करता झाला. त्यातून बंड उठले. त्यानंतर अयोध्येच्या बेगमांच्या खजिन्यावर हात टाकण्यात आला. पुढे लंडनमध्ये त्याच्यावर जो खटला झाला, त्यातील मुख्य कलमे हीच होती. पुण्याच्या दरबाराने वर्षानुवर्षे जे युद्ध लांबविले, त्याचा धागा असा काशी-लखनौवरून थेट वेस्टमिन्स्टरच्या दिवाणखान्यापर्यंत जाऊन पोचतो.

तिसरी गोष्ट त्याच्या बाजूची. तीही न्यायाने सांगितली पाहिजे. फारशी आणि बंगाली त्याला येत होत्या. कलकत्त्याचा मदरसा त्याने स्थापिला. चार्ल्स विल्किन्सने केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १७८५ साली लंडनमध्ये छापले गेले ते त्याच्या शिफारशीने, आणि त्याला प्रास्ताविक म्हणून जोडलेले पत्रही त्याचेच. हिंदुस्थान लुटून नेण्याखेरीज ज्यांना दुसरे काही दिसलेच नाही, अशांपैकी तो नव्हता. म्हणूनच त्याचा हिशेब मांडणे अधिक कठीण जाते.

१७८५ साली तो स्वदेशी परतला. गव्हर्नर-जनरल म्हणून त्याला सालीना २५,००० पौंड पगार होता. त्या काळी ही रक्कम डोळे दिपविणारी होती. पण पैसा राखण्याची कला त्याला साधली नव्हती, आणि त्याच्या पदरी जे होते ते इतर कित्येक 'नबाबां'च्या मानाने बेताचे होते. हिंदुस्थानातून गबर होऊन आलेल्यांना इंग्रज लोक उपहासाने 'नबाब' म्हणत. हे नबाब आल्या आल्या जमिनी शोधू लागत, त्याला कारण होते. इंग्लंडात त्या काळी पैसा असणे निराळे आणि प्रतिष्ठा असणे निराळे. १७१० च्या कायद्याप्रमाणे परगण्यातर्फे पार्लमेंटात बसावयाचे तर जमिनीचे सालीना ६०० पौंडांचे उत्पन्न दाखवावे लागे आणि शहरातर्फे ३०० पौंडांचे. व्यापाऱ्याची थैली कितीही जड असली तरी ती शेतात ओतल्याखेरीज त्याला कोणी 'जंटलमन' म्हणत नसे.

हेस्टिंग्जची इच्छा मात्र कोणत्या तरी जमिनीची नव्हती. त्याला तीच जमीन हवी होती. १७८८ साली त्याने नाइट घराण्याकडून डेल्सफर्ड ५४,००० पौंडांना घेतले. घराण्यातून गाव गेल्याला त्र्याहत्तर वर्षे झाली होती. आणि योगायोग असा की, त्याच वर्षी, १३ फेब्रुवारी १७८८ रोजी, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याच्यावरील खटल्याला आरंभ झाला. एडमंड बर्क यांनी फिर्यादीचे भाषण कित्येक दिवस केले. पुढे सात वर्षे हे काम चालले. २३ एप्रिल १७९५ रोजी तो निर्दोष सुटला, पण त्याच्या बचावाचा खर्च ७०,००० पौंडांच्या घरात गेला होता. म्हणजे वतन परत मिळविण्यास जेवढे द्रव्य लागले, त्याहून अधिक अब्रू परत मिळविण्यास लागले. दशमांशाच्या दाव्यांत आजा बुडाला. त्याहून मोठ्या दाव्यात नातूही जवळजवळ बुडालाच. शेवटी कंपनीने त्याला सालीना ४,००० पौंडांचे वर्षासन बांधून दिले आणि ५०,००० पौंड बिनव्याजी कर्ज दिले, म्हणून डेल्सफर्ड त्याच्या हाती राहिले. ते वर्षासन आणि ते कर्ज कोणाच्या उत्पन्नातून निघाले हे सांगावयास नकोच.

खटला चालू असतानाच गावात वाडा उठत होता. शिल्पकार होता सॅम्युअल पेपिस कॉकरेल. बाहेरून वाडा इंग्रजी थाटाचा, त्याच पिवळसर दगडाचा. परंतु मधोमध एक बसका घुमट, त्याची ठेवण हिंदुस्थानी. आत टॉमस बँक्स या मूर्तिकाराने कोरलेली संगमरवरी शेकोटी, तिच्यावर हिंदुस्थानातील आकृती. भिंतींवर विल्यम हॉजेस या चित्रकाराने काढलेली गंगाकाठची दृश्ये; दिवाणखान्यात मुर्शिदाबादकडचे हस्तिदंती सामान. याच कॉकरेलने पुढे १८०५ च्या सुमारास, डेल्सफर्डहून थोड्याच मैलांवर, सेझिनकोट येथे आपल्या भावासाठी एक वाडा बांधला. हा भाऊ चार्ल्स कॉकरेल, हाही कलकत्त्यास पैसा मिळवून आलेला. तेथे तर संकोच अजिबात टाकून मोगली कमानी, छज्जे आणि तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट उभारला. बागेत सूर्याचे देऊळही बांधले. एव्हनलोडच्या परिसरात हिंदुस्थानचा वसूल अशा रीतीने दगडाच्या रूपाने गोठून राहिला आहे.

हेस्टिंग्जने बाग केली, तळी खोदली, हजारो झाडे लावली. बंगालच्या लिचीचे आणि सीताफळाचे बी त्या थंड भूमीत रुजवून पाहिले. काश्मिरी शालीची लोकर जिच्यापासून मिळते ती तिबेटी शेळी आणि भूतानकडची गुरे वाढविण्याचा उद्योग केला. तिबेटास गेलेल्या सॅम्युअल टर्नरने त्याच्यासाठी पाठविलेला एक याक विलायतेस जिवंत पोचला, आणि जॉर्ज स्टब्स या नामांकित चित्रकाराने त्याचे चित्रही काढले. परंतु लिची फळली नाही आणि शेळ्या वाढल्या नाहीत. ज्याने हिंदुस्थानच्या राजकारणात इंग्रजी सत्तेचे कलम बांधून दाखविले, त्याला आपल्या परसात हिंदुस्थानचे एक झाड काही धरविता आले नाही.

तथापि गावचा धनी म्हणून तो रमला. रोजची हवा, पाऊस, पेरणी, कापणी यांच्या नोंदी तो डायरीत करी. कलकत्त्याच्या कौन्सिलात ज्याच्या एका शेऱ्याने सुभे हालत, तो आता बार्लीचे पीक पाहात हिंडू लागला. १८१३ साली कंपनीची सनद पुन्हा द्यावयाची होती, तेव्हा पार्लमेंटने त्याला साक्षीसाठी बोलाविले. ज्या सभागृहाने सव्वीस वर्षांपूर्वी त्याच्यावर खटला भरण्याचा ठराव केला होता, तेथील सभासद ऐंशी वर्षांच्या ह्या म्हाताऱ्याला पाहून टोप्या काढून उभे राहिले. १८१६ साली त्याने गावचे जुने देऊळ दुरुस्त करून नवे केले. ज्या वेदीपाशी आजोबांनी सेवा केली, आणि जिच्या दहाव्या हिश्श्यावरून त्यांचे घर बुडाले, ती नातवाने नीट करून घेतली. त्याच्या साऱ्या खर्चांत मला हा एक खर्च समजण्याजोगा वाटतो.

२२ ऑगस्ट १८१८ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, डेल्सफर्डच्या वाड्यात त्याचा अंत झाला, आणि त्याच देवळाच्या अंगणात त्याला पुरले. हे साल मराठी माणसाच्या कानाला खटकल्यावाचून राहात नाही. त्याच वर्षी ३ जून रोजी दुसऱ्या बाजीरावांनी माल्कमच्या स्वाधीन होऊन पेशवाई संपविली होती. त्या वेळी कलकत्त्यास जो गव्हर्नर-जनरल होता त्यालाही हेस्टिंग्ज म्हणतात. पण तो मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज निराळा, आणि त्याचे घराणेही निराळे. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळांची गफलत होते, म्हणून मुद्दाम सांगितले. सालबाईस ज्याला मराठ्यांशी बरोबरीच्या नात्याने तह करावा लागला, तो वॉरन हेस्टिंग्ज आपले वतन परत घेऊन त्यातच मेला. आणि ज्यांच्याशी त्याने तह केला त्यांचे राज्य त्याच्या मृत्यूपूर्वी अकरा आठवडे बुडाले.

गोष्ट येथे संपती तर तिला कादंबरीचा शेवट लाभला असता. पण गावाचा इतिहास धन्याबरोबर संपत नसतो. हेस्टिंग्जला मूलबाळ नव्हते. त्याची झालेली दोन्ही मुले लहानपणीच गेली होती. त्याची पत्नी मेरियन १८३७ साली वारली. मागे तिचा पहिल्या लग्नाचा मुलगा चार्ल्स इमहॉफ राहिला. तोही १८५३ साली वारला, आणि त्याच वर्षी वाड्यातील सामानाचा लिलाव झाला. हॉजेसची चित्रे, हस्तिदंती खुर्च्या, सगळे चार दिशांना गेले. जे मिळविण्यासाठी जन्म घालविला ते हेस्टिंग्जच्या नावाने तीस वर्षे राहिले, आणि त्याच्या घरात पासष्ट. त्याच १८५३ साली एव्हनलोडच्या खोऱ्यातून रेल्वे सुरू झाली, आणि शेजारच्या ॲडलस्ट्रॉपला स्टेशन झाले.

नवा धनी ग्रिसवुड. त्या घराण्याने हेस्टिंग्जचे देऊळ पाडून, जुने काही दगड राखून, १८६० च्या सुमारास जे. एल. पिअर्सन या शिल्पकाराकडून ते पुन्हा बांधविले. म्हणजे हेस्टिंग्जची ती एक खूणही पन्नास वर्षे टिकली नाही. पुढे अमेरिकेतील स्वस्त गहू येऊ लागला, त्याने १८७० नंतर इंग्लंडातील जमीनदारांची कंबर मोडली. १८९४ पासून वारशावर जबर कर बसला. परगण्या-परगण्यांतील जुन्या जहागिरी विकल्या गेल्या. डेल्सफर्डही हातोहात फिरले. १९४६ साली ते लॉर्ड रॉदरमिअर या वृत्तपत्रांच्या मालकाने घेतले, आणि त्यानंतर ते उद्योगपतींच्या हाती गेले. पूर्वी मिठाचा, साखरेचा, मसाल्याचा व्यापारी जमीन घेई. आता कारखान्याचा आणि छापखान्याचा धनी घेतो. दशमांशाचे धान्य १८३६ च्या कायद्याने रोख पट्टीत बदलले आणि पुढे तीही पट्टी गेली. गरिबांचा सांभाळ १८३४ नंतर पॅरिशकडून काढून मोठ्या मंडळांकडे दिला गेला. गावाची चौकट तीच राहिली, आतला कारभार निघून गेला.

आपल्याकडे म्हणतात, वतन गेले म्हणजे माणसाचे मूळ गेले. त्या शब्दाची धार हेस्टिंग्जइतकी क्वचितच कोणा परदेशीयाला कळली असेल. आणि नेमकी हीच गोष्ट मनाला टोचते. ज्याला आपल्या चिमुकल्या गावाचे जाणे वर्षानुवर्षे विसरवले नाही, त्याला काशीच्या राजाचे राज्य जाताना, बेगमांचा खजिना जाताना, बंगालच्या रयतेचे शेत जाताना ते दुःख ओळखू यावयास हवे होते. कदाचित ओळखू आलेही असेल. त्याच्या पत्रांतून तशी चिन्हे अधूनमधून दिसतात. पण ओळखूनही हात थांबला नाही. आपल्या दुःखाने मनुष्य दुसऱ्याच्या दुःखाविषयी शहाणा होतोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त आपले दुःख भरून काढण्याच्या मागे लागतो.

चर्चिल गावी हेस्टिंग्जनंतर सदतीस वर्षांनी, १७६९ साली, एका लोहाराच्या घरी विल्यम स्मिथ नावाचा मुलगा जन्मला. त्यानेही जमिनीचाच ध्यास घेतला. पण ती कोणाची हे न विचारता, ती कशाची बनलेली आहे हे तो शोधीत गेला. १८१५ साली त्याने इंग्लंडच्या भूस्तरांचा पहिला मोठा नकाशा प्रसिद्ध केला. कर्जापायी तोही तुरुंगात गेला. परंतु त्याने जे मिळविले ते लिलावात निघाले नाही. एका गावच्या मातीतून निघालेल्या ह्या दोन माणसांपैकी भूमी खरोखर कोणाला लाभली, हा प्रश्न श्रोत्यांवर सोपवून मी आपली रजा घेतो.